परत आलेल्या गोळ्यांचा डबा

आमच्या होस्टेलमध्ये मागच्या महिन्यात मुलींच्या ट्रंका तपासल्या. जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीच्या प्रोसिजर बुकच्या कव्हरमध्ये अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळ्यांची स्ट्रिप सापडली. ०.५ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, त्यातल्या तीन उरलेल्या. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. शिस्तपालन समिती बसली आणि तासाभरातच चर्चा एवढ्यावर येऊन थांबली की मुलीला फक्त होस्टेलमधून काढायचं की कोर्समधूनच. मी तिथे मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते, समितीवर माझंही नाव आहे. हट्ट धरून मी निर्णय सोमवारवर ढकलायला लावला आणि शनिवारी मिरजेची गाडी धरली.

मिरजेला माझी मावशी राहते. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी, शेवटची सहा मेट्रन म्हणून. मी नर्सिंगला गेले ती तिच्याकडे बघून. तिच्याइतकी कडक बाई मी पाहिली नाही, आणि पेशंटसाठी तिच्याइतकी जागणारीही नाही. माझ्या बाजूने मान हलवणारी माणसं मला कुठेही भेटली असती. मला तिचा विरोध ऐकायचा होता.

ती व्हरांड्यात पावट्याच्या शेंगा घेऊन बसली होती. मी समोर बसून सोलायला घेतल्या आणि सगळं सांगितलं.

"काढून टाका," मावशी म्हणाली. "बैठका कसल्या घेताय?"

"एकोणीस वर्षांची आहे गं ती."

"एकोणिसाव्या वर्षीच आपल्या हातात सिरिंज येते. कॉटवरच्या माणसाला आपलं वय माहीत नसतं. डोळ्यांवर झापड असताना तिने इन्सुलिनचे चार युनिटऐवजी चाळीस ओढले तर? तेव्हा तू येणार आहेस का समजूत घालायला?"

मी गप्प राहिले. कारण हा धाक खोटा नाही. आमच्या कामात एक शून्य पुढे-मागे झालं की माणूस जातो.

"माझ्या बॅचची एक स्टाफ होती," मावशी सांगू लागली. "सर्जिकल वॉर्ड. शीर शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेव्हा पेंटाझोसिन उघड्या ट्रेमध्येच असायचं, मॉर्फिनसारखं कुलपात नाही. एका रात्री जत भागातला एक माणूस होता, आतडं फुटून ऑपरेशन झालेला. कागदावर त्याला दोन इंजेक्शनं दिलेली, वेळ लिहिलेली, सही केलेली. आणि तो चादर दातात धरून पडलेला. मी ड्युटीची ओव्हर घेतली, डॉक्टरांना विचारलं आणि स्वतः ॲम्प्यूल फोडून दिलं. वीस मिनिटांत झोपला बिचारा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आधीची दोन त्याच्या अंगात गेलीच नव्हती. त्याच्या अंगात डिस्टिल्ड वॉटर गेलं होतं."

"आणि पेंटाझोसिन तिच्या अंगात."

"पुढे ती बाथरूममध्ये पडली तेव्हा मी तिची साडी सारली. मांडी लाकडासारखी झाली होती. कातडी काळी, मध्ये खड्डे, एका जागी तर जखम वाहत होती. इतकी वर्षं आपण नाकासमोर वावरतो आणि एकमेकींच्या मांड्या कुणी बघत नाही."

पेंटाझोसिन त्याच त्या जागी टोचत राहिलं की स्नायूंच्या गाठी होतात, ते पुन्हा मऊ होत नाहीत. मी हे पुस्तकातून शिकवते. मावशीने हात लावून पाहिलं होतं.

"मग तिचं काय झालं?" मी विचारलं.

"बदली झाली."

"कुठे?"

"दुसऱ्या जिल्ह्यात."

"म्हणजे दुसऱ्या वॉर्डातल्या दुसऱ्या ट्रेपाशी."

मावशीने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. "लिहून कुणीच दिलं नाही. लिहिलं असतं तर नोकरी गेली असती, दोन पोरं होती तिला. मीपण नाही लिहिलं. म्हणून तर सांगते, आत्ताच काढा. आम्ही दया केली आणि ती पुढच्या पेशंटांच्या माथी मारली."

"तुम्ही दया नाही केली, मावशी. तुम्ही लपवलंत. तिला कुणी विचारलं नाही, औषधोपचार दिला नाही, चाव्या काढून घेतल्या नाहीत. आम्ही या मुलीला काढलं तरी तेच होणार. ती गावाकडे जाईल, वर्षाने दुसऱ्या तालुक्यात कुठल्या तरी खासगी दवाखान्यात 'सिस्टर' म्हणून लागेल. तिथे ना रजिस्टर असेल ना कुणी मेट्रन. आणि आमच्या उरलेल्या मुली काय शिकतील? स्ट्रिप अजून खोल कशी लपवायची ते."

एकाच प्रसंगावरून आम्ही दोघी उलट टोकांना जात होतो. मला मात्र त्या संध्याकाळी खात्री होत गेली की वॉर्डात खरा धोका गुपिताचा आहे. कुणाला ठाऊक असलेली, उपचार चालू असलेली मुलगी पेशंटजवळ उभी राहिली तर तिच्यावर चार डोळे असतात. लपवणारीवर एकही नसतो.

"बरं, पण लागलीच कशी ही सवय?" मावशीने विचारलं. "घरी कुणी पिणारं आहे का?"

घरी कुणी पिणारं नाही. मुलगी सांगोल्याकडची, वडील कोरडवाहू शेतकरी, घरातली पहिली शिकणारी. तिने मला जे सांगितलं ते अगदी साधं आहे. महिनाभराची नाइट ड्युटी लागली, रात्री आठ ते सकाळी आठ. दुपारी दोनला लेक्चर. खोलीत आठ मुली, त्यातल्या चार डे ड्युटीच्या, वर पत्रा. रात्री तीनला डोळे मिटू नयेत म्हणून कपात दोन-दोन चमचे इन्स्टंट कॉफी, कधी कँटीनचं एनर्जी ड्रिंक. पोटात गेलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पाच तासांनीही अंगात असतं, त्यामुळे सकाळी झोपायची वेळ झाली तरी छाती धडधडतेय. बारा दिवस असे गेल्यावर एका सीनिअरने अर्धी गोळी दिली आणि म्हणाली, "आम्ही सगळ्याच घेतो." त्या दिवशी ती पाच तास सलग झोपली. ती झोप आठवून सांगताना तिचा चेहरा बदलला होता, तो मी विसरणार नाही.

पुढचं कुठल्याही पुस्तकात आहे. अल्प्राझोलाम पटकन चढतं आणि लवकर उतरतं. काही आठवडे रोज घेतलं की उतरताना घाबरल्यासारखं होतं, हात थरथरतात. मुलीला वाटतं ही आपलीच भीती, परीक्षेची, इन्चार्ज सिस्टरची. मग अर्धीची एक होते, रात्रीची दिवसाही लागते. एकदम बंद केली तर फिट्स येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते. सप्टेंबरच्या चाचणी परीक्षेत मी हाच प्रश्न टाकला होता. या मुलीने विथड्रॉवलची लक्षणं बिनचूक लिहिली होती, क्रमाने, अधोरेखित करून. तो पेपर तपासताना मी लाल पेनने शेजारी 'छान' लिहिलं होतं. ती स्वतःबद्दल लिहीत होती हे मला कळलं नाही.

"म्हणजे सगळं कळत असून घेत होती," मावशी म्हणाली. "मग तर जास्तच दोष."

"कळत होतं म्हणूनच ती निर्धास्त होती. डोस माहीत, लक्षणं माहीत, मी काही वाहवत जाणार नाही. डॉक्टरांचं, आपलं, सगळ्यांचं असंच होतं गं. औषध रोज हाताळून त्याची भीड चेपते."

"आम्ही नाइट केल्या नाहीत? सलग दोन-दोन महिने केल्यात."

"आणि रात्री दोनला काय लावत होता सगळ्याजणी?"

मावशी हसली नाही. "मिश्री," ती म्हणाली. "निम्म्याजणी लावायच्या. मीसुद्धा तीन वर्षं लावली. तुझ्या काकांनी सोडवली."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी भाजलेली तंबाखू. आपल्याकडे घरोघरी आज्या-आत्या ती दातांना लावत आल्या, त्यांची तोंडं पोळली, हिरड्या गेल्या, आणि तरी तिला कुणी व्यसन म्हटलं नाही. बायकांच्या नशेला आपण नावच दिलेलं नाही. एम्सच्या तज्ज्ञांनी केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के आहेत. असे आकडे बघून आमच्यासारख्या समित्या बाटली शोधतात, मुलींच्या होस्टेलात ती सापडत नाही आणि सगळे निश्चिंत होतात. त्याच सर्वेक्षणात डॉक्टरांच्या सल्ल्याविना झोपेची आणि गुंगीची औषधं घेणारे सुमारे १.१८ कोटी लोक आहेत. गोळीला वास येत नाही, ती सभ्य दिसते. नर्सिंगच्या मुलीला तर ती दुकानात मागायलाही जावं लागत नाही.

"तरी शपथ आहे ना," मावशी म्हणाली. "लॅम्प लायटिंगला दिवा हातात धरून म्हटलीस ती?"

ती शपथ आम्हा दोघींना पाठ आहे. १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटच्या फॅरँड नर्सिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि नाइटिंगेलचं नाव तिला दिलं. त्यात घातक औषधाबद्दल एक कलम आहे. ते आपण स्वतः घेणार नाही, हे आधी येतं, आणि जाणूनबुजून कुणाला देणार नाही, हे नंतर. वर्षानुवर्षं म्हणूनही हा क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता. त्या काळी मॉर्फिन तिथे दुकानात सहज मिळायचं. ज्या बायकांनी हे कलम आधी ठेवलं, त्यांना पोरी काय घेतात हे ठाऊक असणार असं मला वाटतं.

"तेच म्हणते मी. शपथ मोडली."

"ज्या नाइटिंगेलच्या नावाने शपथ घेतो, तिने स्वतः पाठीच्या दुखण्यासाठी कातडीखाली अफूचं इंजेक्शन घेतलं होतं. पत्रात लिहून ठेवलंय तिने. वेदना थांबते पण डोकं तल्लख राहत नाही, असंही प्रामाणिकपणे लिहिलंय. तिला कुणी काढून टाकलं का?"

"तिला दुखत होतं. डॉक्टरांनी दिलं होतं."

"हेच. दुखणं कुणाचं खरं मानायचं, हा मुद्दा आहे."

मावशीने सोललेले दाणे एकीकडे केले. मग स्वतःच म्हणाली, "तुझे काका गेल्यापासून मीपण अर्धी गोळी घेते रात्री. तू विचारणार होतीस ना?"

मी विचारणार होते, पण धीर होत नव्हता.

"माझ्याकडे चिठ्ठी आहे. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवते. आणि मुख्य म्हणजे, आता मी कुणाला इंजेक्शन देत नाही. ड्युटीवर असताना घेतली असती तर मी स्वतः इन्चार्जला जाऊन सांगितलं असतं."

"खरंच सांगितलं असतंस? त्या काळी?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. "नाही," म्हणाली शेवटी.

मग मी तिला दुसऱ्या मुलीचं सांगितलं, जी समितीच्या कागदावर कुठेच नाही. ट्रंका तपासणार अशी कुणकुण लागली त्या रात्री तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीने आपल्या गोळ्या बेसिनमध्ये सोडून दिल्या. एस्सिटालोप्राम. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीतून, रीतसर चिठ्ठीवर, सात महिने चालू होत्या आणि त्यांनीच ती उभी राहिली होती. या गोळ्या ती लोहाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवायची, कारण प्रवेशाच्या फॉर्मवर मानसिक आजार आहे का या प्रश्नापुढे तिने 'नाही' लिहिलं होतं. हे औषधही एकदम बंद करायचं नसतं. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर येऊ लागली, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, आणि फीमेल सर्जिकलमध्ये ड्रेसिंगचा ट्रे हातात असताना ती पडली. ट्रंकेतल्या एका चोरट्या स्ट्रिपमागे लागून आम्ही एका बऱ्या होत असलेल्या मुलीचं औषध तोडलं. वेडाची गोळी आणि नशेची गोळी यांत आमच्या वॉर्डनबाईंना फरक वाटत नाही. खरं सांगायचं तर स्टाफरूममधल्या दोघी-तिघींनाही वाटत नाही, आणि त्या नर्सिंग शिकवतात.

"सांगायला हवं होतं तिने," मावशी म्हणाली, पण आवाज उतरला होता.

"२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिला गुप्ततेचा हक्क दिलाय. आणि दारू-ड्रग्जमुळे होणारी मानसिक अवस्थासुद्धा त्या कायद्याने आजारातच धरलीय. नार्कोटिक्सच्या कायद्यातही ६४-अ कलम आहे. थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्याने पुरे केले, तर त्याला खटल्यातून सूट मिळते. सरकारचा कायदा एवढा मऊ होऊ शकतो आणि आपण सिस्टर लोक नाही?"

"कायदा पोरीला वाचवेल गं. त्या जतच्या माणसाला कोण वाचवणार होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते बनवलंही नाही.

दाणे सोलून संपत आले होते. मावशीने अचानक विचारलं, "ती स्ट्रिप मुळात आली कुठून? सीनिअरकडे कुठून आली?"

"मेडिसिन वॉर्डातून. परत आलेल्या गोळ्यांचा डबा असतो ना."

हा डबा बाहेरच्यांना माहीत नसतो. पेशंट घरी जातो किंवा मरतो, तेव्हा त्याच्या लॉकरमध्ये अर्ध्या-मुर्ध्या स्ट्रिपा राहतात. नातेवाईक नेत नाहीत. फेकवत नाहीत, कारण उद्या एखाद्या गरिबाला उपयोगी पडतील. म्हणून नर्सिंग स्टेशनच्या खालच्या खणात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, त्यात त्या टाकतात. हेतू चांगला असतो. आमच्या वॉर्डातल्या डब्यात मी शुक्रवारी हात घातला. पॅन्टोप्रॅझोल, मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि त्यांत मिसळलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ट्रामाडॉल. एका स्ट्रिपच्या मागे बॉलपेनने कॉट नंबर लिहिलेला होता. त्या कॉटवरची म्हातारी मला आठवत होती.

मावशी उठून उभी राहिली. इतका वेळ मुलीवर होता तो राग आता माझ्यावर होता.

"मोजत नाही तुम्ही तो डबा?"

"नाही."

"रजिस्टर?"

"नाही."

"डीडीए कपाटाला दोन कुलपं, दोन सह्या, रिकामं ॲम्प्यूल दाखवल्याशिवाय नवीन मिळत नाही. आणि हे सगळं बिस्किटांच्या डब्यात?"

डीडीए म्हणजे १९३०चा डेंजरस ड्रग्ज ॲक्ट. तो कायदा १९८५ साली नार्कोटिक्सचा नवा कायदा आला तेव्हा संपला, पण कपाटाला आणि रजिस्टरला आपण अजून डीडीएच म्हणतो. त्या कपाटात मॉर्फिन आणि फेंटानिल. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल एच-वन यादीतली. २०१४च्या मार्चपासून केमिस्टला या गोळ्या विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. ट्रामाडॉल तर २०१८ साली नार्कोटिक्स कायद्याखालीही आलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यावर एवढी बंधनं, आणि वॉर्डात तीच गोळी कुणाच्याही हाताला येते, तिची ना वहीत नोंद ना कुणाची सही.

"मग चोरी कसली म्हणता?" मावशी म्हणाली. "जे मोजलंच नाही ते चोरलं असं कोण सिद्ध करणार? त्या पोरीला समितीपुढे उभं केलंत. तो डबा ठेवणाऱ्या इन्चार्जला केलंत का?"

"मीपण तिथूनच येते-जाते रोज. मीही बघितलेला आहे तो."

"तेच म्हणते."

ती आत गेली आणि कालनिर्णयचं जुनं पान नि पेन घेऊन आली. चष्मा लावला. मला वाटलं आता माझी बाजू तिला पटली. तसं नव्हतं. "मी अजूनही म्हणते, वॉर्डात नको. निदान गोळ्या पुऱ्या उतरेपर्यंत पेशंटला हात नको," ती म्हणाली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. सहा महिने नाइट नाही. औषधाचा राउंड नाही, बेड मेकिंग आणि टी.पी.आर. चार्टपासून सुरुवात. चाव्या हातात नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र दर महिन्याला, त्यात ड्युटी करू शकते की नाही एवढंच, बाकी तिचं खासगी. मी पुण्याच्या मुक्तांगणचं नाव काढलं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. मावशीने तेही लिहून घेतलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मेसच्या भिंतीवर लावा, असं मी सुचवलं तर म्हणाली, "मेसमध्ये नको. तिथे सगळ्यांसमोर कोण उतरून घेणार? बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लाव."

हे मला तीस वर्षांत सुचलं नसतं.

मग तिने पेन थांबवलं. "गोळी कमी करायला लागलात की पहिले काही दिवस पोरीला झोप येणार नाही. आठजणींच्या त्या खोलीत, पत्र्याखाली. तिच्याजवळ रात्री कोण बसणार?"

मी विचार केला नव्हता. उपचार कुठे, कायदा काय, समितीला काय सांगायचं, सगळं ठरवून आले होते. रात्रीचं ठरवलं नव्हतं.

"बघते कुणी मैत्रीण तयार होते का," मी म्हटलं.

"मैत्रिणीला सकाळी ड्युटी असते. थकलेल्या मुलीवर थकलेली मुलगी बसवू नकोस." तिने कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. "सोमवारी बैठक किती वाजता?"

"अकराला."

"मग साडेसहाची गाडी धरू. मी येते. आधी तो डबा दाखव मला, मग समितीत बसू."